लवू तारकरची उलटतपासणी

"नाव सांगा."

"लवू बाबाजी तारकर."

"व्यवसाय?"

पिंजऱ्यातला माणूस छताकडे बघू लागला. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसते लाईट टांगलेले होते. त्याचे ओठ हलले. "वडिलोपार्जित," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द काही केल्या येईना. "वडिलोपार्जित..."

"कट," आमचा दिग्दर्शक दाणी मॉनिटरमागून म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी हळू म्हणाला.

सकाळपासून हेच चाललं होतं. घोडबंदर रोडवरच्या एका गोदामात प्लायवूडचं कोर्ट उभं केलं होतं आणि मी सरकारी वकिलाचा काळा कोट घालून त्यात उकडून निघत होते. न्यायाधीशांच्या डोक्यावरचा अशोकस्तंभ थर्माकोलचा होता. आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा इतका तकलादू होता की सुतार दर वेळी येऊन बजावून जायचा, काका, हात ठेवा पण रेलू नका. आणि ते काका, म्हणजे न्हानू धुरी, मान डोलावून हात कठड्याच्या वर अधांतरी धरून उभे राहायचे.

आमची मालिका आठवड्यातून एकदा लागायची. एकच खटला, एकच आरोपी. लवू तारकर हा खाडीवर होडी चालवणारा साधा माणूस. खाडीवर पूल बांधायला आलेला ठेकेदार एका संध्याकाळी त्याच्या होडीतून निघतो आणि पलीकडे पोचत नाही. होडीत दोघंच. पूल झाला की लवूचा धंदा बुडणार, दोघांचं त्यावरून भांडण झालेलं, ते गावानं ऐकलेलं. लवू म्हणतो, काठ जवळ आला म्हणून साहेब उतरायला उठले, तोल गेला आणि पडले. पोलीस म्हणतात, यानं ढकललं. निम्मा महाराष्ट्र म्हणत होता, हा माणूस असं करणं शक्य नाही. आणि शेवटी त्यानंच ते केलेलं असतं, हा आमचा हुकमाचा पत्ता होता. लवू स्वतः साक्षीला उभा राहणार, मी त्याची उलटतपासणी घेणार आणि त्यात तो कबूल करणार. सगळी मालिका त्या एका प्रसंगावर टेकली होती.

धुरीकाकांना दाणीनं शोधून आणलं होतं. सुट्टीला सिंधुदुर्गात गेला असताना त्यानं एका जत्रेत दशावतार पाहिला, त्यात हे राक्षस झाले होते, आणि रंग उतरवल्यावर यांचा चेहरा बघून दाणी तिथंच अडकला. म्हणाला, असा चेहरा विकत मिळत नाही. खरंच होतं ते. पहिल्या भागांत काकांना बोलायचं फारसं नव्हतं. होडी वल्हवायची, बिडी ओढायची, हातात बेड्या पडल्या की त्यांच्याकडे बघायचं. नुसतं बघायचे, आणि मी, जी नाट्यशास्त्राची पदवी घेऊन आले होते आणि आरशासमोर रडायचा सराव करत होते, ती मॉनिटरसमोर उभी राहून गप्प व्हायचे. मला कोणाचं कौतुक पटकन वाटत नाही. त्यांचं वाटलं होतं.

पण कोर्ट सुरू झालं आणि त्यांना पानभर संवाद आले. आमचा लेखक पुण्याचा. मोठा हुशार, पण त्याच्या लेखणीतून होडीवालासुद्धा अग्रलेखासारखा बोलायचा. धुरीकाका ती पानं घेऊन कोपऱ्यात बसायचे, डोळे मिटून पुटपुटायचे, आणि पिंजऱ्यात चढले की लाकूड व्हायचे. चेहरा तोच, पण त्यात कोणी राहत नाही असं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीत दाणी माझ्या शेजारी ताट घेऊन बसला. बराच वेळ डाळ कालवत राहिला आणि मग म्हणाला की त्यानं लेखकाशी फोनवर बोलून ठरवलंय. उलटतपासणी रद्द. लवू तारकर कोठडीतच गळफास घेणार. पाठमोरा माणूस लटकलेला दाखवायचा, त्याला काही धुरीकाका लागत नाहीत. पुढचे भाग त्याच्या बायकोवर न्यायचे.

"आणि काका?"

"संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढतोय त्यांचं. नीलू, मला काय हौस आहे का? उद्या ह्या गोदामात दुसऱ्या मालिकेचं लग्न लागणार आहे. आज संध्याकाळपर्यंत कोर्ट मोडायचंय."

दाणी वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित जेवणाआधी केलं असतं. पण काकांना सांगायला तो उठेना. मी बघितलं आणि ओळखलं, हे घोंगडं माझ्या गळ्यात पडणार. म्हटलं, मी सांगते.

धुरीकाका गोदामाच्या मागच्या दाराशी, जिथं जुने दिवे आणि वायरींची भेंडोळी पडली होती, तिथं एका पेटीवर बसले होते. जेवले नव्हते. मांडीवर संवादाची पानं होती, त्यांच्यावर चष्मा. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "परत धाडतत माका. नाय?"

मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गळफासाचंही सांगितलं. मला वाटलं होतं ते गावाचं काढतील. गावात देवळाच्या मंडपात टीव्ही आणून सगळी वाडी मालिका बघते, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. गावाच्या वेशीवर त्यांच्या फोटोचा फलकही लागला होता. परत गेल्यावर त्या फलकाखालूनच घरी जायचं होतं. पण ते त्यातलं काही बोलले नाहीत. पानांची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"माझा सोडा," ते म्हणाले. "मी राक्षस. माझा काय, हयसून जातलंय नि दिवाळेनंतर परत तोंडाक रंग लावतलंय. पण तो लवू असोच मेलो तर लोक काय म्हणतले? घाबारलो नि मेलो म्हणतले. गुन्हो केल्यान हा बाये, माका ठावक आसा. पण तेका बोलूक तरी मिळूक व्हया. फाशी जाणाऱ्या माणसाक पण इचारतत, तुका काय सांगूचा आसा काय म्हणान."

मग उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की काका, तुम्ही रात्र रात्र जत्रेत बोलता, ते कसं पाठ राहतं?

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पाठ? पाठ कोण करता?"

मी सांगलीची. दशावतार मी तोवर फोटोतच पाहिला होता. त्यांच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं, हे मला त्या दिवशी त्या पेटीवर बसून कळलं. खेळाच्या आधी कंपनीचा नाईक सगळ्यांना भोवती बसवतो आणि गोष्ट सांगतो. तू राजा, तू राणी, तू राक्षस, आणि आज शेवटी कोण पडणार. बस्स. मग रंग लावायचा, सोंगांच्या पेटाऱ्याला नमस्कार करायचा आणि उभं राहायचं. समोरचा बोलेल त्याला उत्तर द्यायचं. साऱ्या आयुष्यात या माणसानं एकही वाक्य पाठ केलं नव्हतं, आणि आम्ही शहाणे त्यांच्या हातात पानं कोंबून वर म्हणत होतो की म्हाताऱ्याला आठवत नाही.

"मग काका, मी तुम्हाला माझ्या मनानं प्रश्न विचारले तर?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. चेहऱ्यात कोणीतरी परत राहायला आल्यासारखं झालं. "पडतलो कोण?"

"तुम्ही. कबूल करायचंय तुम्हाला."

"मगे पाडूक व्हया," ते म्हणाले. "मी आपसून पडाचंय नाय. समोरच्यान असा कायतरी बोलूक व्हया, की माझ्याकडे तेचा उत्तर नाय. तेच्या आदी राक्षस पडलो तर ती देवाची बदनामी."

"आणि समोरच्याला तसं काही सुचलंच नाही तर?"

"सुचता," ते म्हणाले. "कोणाक सुचूक नाय असा अजून झाला नाय." आणि उठून त्यांनी नळावर तोंड धुतलं.

दाणीला पटवायला फार त्रास पडला नाही. बुडत्याला काडीचा आधार. एकच टेक, तो म्हणाला, दोन्ही कॅमेरे चालू ठेवतो, जमलं तर जमलं, नाहीतर गळफास. स्क्रिप्ट सांभाळणारी स्वप्ना मात्र हादरली. कोण काय बोलणार हे लिहिलेलंच नसेल तर मी टिपून काय घेऊ, असं ती विचारत होती. तिला सांगितलं, तू नुसतं ऐक.

काका पिंजऱ्याशी गेले. चढण्याआधी वाकून प्लायवूडच्या पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. सुतार नेहमीप्रमाणे सांगायला आला, रेलू नका. त्यांनी दोन्ही हात मागं बांधले.

मी त्यांना भांडणाचं विचारलं. पूल झाला की तुमची होडी बंद पडणार होती, हे खरं आहे?

"खरा आसा," लवू तारकर म्हणाला. "माझ्या बापाशीची पण बंद पडतली होती. पूल येतलो, पूल येतलो, असा आमी दोन पिढ्ये ऐकतंव. पुलाच्या रागान माणूस मारूचो तर आदी सगळे मंत्री मारूक व्हये होते."

दिवे धरणाऱ्यांतलं कोणीतरी हसलं. दाणीनं टेक थांबवला नाही.

मी विचारलं, तुम्ही पट्टीचे पोहणारे. मग ठेकेदार बुडाले कसे?

"पोवणाऱ्याक आपणाक वाचवूक येता. दुसऱ्याक वाचवूक येताच असा नाय. बुडणारो माणूस गळ्याक मिठी मारता, तुमका ठावक नाय ता. देव करो नि कधी ठावक होव नये."

"मग ओरडला का नाहीत?"

"ओरडलंय. पलीकडे कोण होतो? तुमचो अर्धो पूल होतो. पुलाक कान खय आसत?"

मी भांडणाचे साक्षीदार काढले. तो म्हणाला की भांडण झालं, मान्य आहे, पण दुसऱ्या दिवशी तेच साहेब त्याच्याच होडीत येऊन बसले. ज्याच्याशी भांडलात त्याच्या गाडीत तुम्ही बसाल का? साहेब बसले. का बसले ते त्यांना विचारा. मला माणूस ओळखता येत नसेल, त्यांना येत होता. हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की न्यायाधीश झालेले आमचे ज्येष्ठ नट, जे एरवी टेक चालू असताना पेंगायचे, ते पुढं वाकून ऐकू लागले.

मी एकेक प्रश्न टाकत गेले आणि तो एकेक परतवत गेला. रागावला नाही, गयावया केली नाही. कधी माझ्याकडे बघून, कधी न्यायाधीशांकडे, कधी खाली स्वतःच्या पायांकडे बघत बोलत होता. समोर न्हानू धुरी नावाचा कोणी उरला नव्हता. एक होडीवाला उभा होता, ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी पुरतं ऐकून घेत होतं. गोदामात पंखेसुद्धा बंद होते आणि कोणी हललं नाही. खरं सांगते, मला त्याचं म्हणणं पटायला लागलं होतं. मॉनिटरमागून दाणी कोणाच्या तरी कानात कुजबुजला ते मला ऐकू आलं. तो म्हणत होता, सुटू दे याला, निर्दोषच करू, पुढचे सगळे भाग हाच माणूस घेऊन करू.

आणि माझे प्रश्न संपले.

अगदी कोरी झाले. लेखकाचे संपले, माझ्या मनाचे संपले. मी दोन पावलं चालले, परत फिरले, कोटाची बाही सावरली. वकील विचार करतोय असं दाखवायच्या जेवढ्या लकबी शिकले होते तेवढ्या सगळ्या करून झाल्या. कॅमेरे चालूच होते. पिंजऱ्यातला माणूस वाट बघत होता. त्यानं गप्प राहायचं, की तो सुटला. काकांनाही ते दिसत होतं. दाणीची कुजबूज माझ्यापर्यंत आली होती आणि पिंजरा तर त्याला माझ्याहून जवळ होता.

"दमल्यात, वकिलीणबाय?" लवू तारकर म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, माया होती. "मी पण दमलंय होतंय तेदिसा. होडी काठाक लावलंय, तेंच्यो व्हाणो होडयेत पडलल्यो, त्यो उचलून पायरेर नीट ठेवलंय, नि थयच बसान रवलंय."

मी मान हलवली. पुढचा काहीतरी फालतू प्रश्न विचारायला तोंड उघडलं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"वहाणा होडीत होत्या?"

त्यानं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितलंत, काठ आला म्हणून साहेब उतरायला उठले आणि तोल गेला. काठावर चिखल, दगड, कालवांच्या शिंपा. उतरायला उठलेला माणूस वहाणा होडीत काढून ठेवून उठेल?"

तो माझ्याकडे बघत होता.

"वहाणा काढून माणूस काय करतो, लवू तारकर?"

त्याचे मागं बांधलेले हात सुटले. त्यानं कठडा धरला नाही, तिथंही हात अधांतरीच राहिले. त्याचा चेहरा म्हातारा होत गेला आणि ते मी दोन हातांवरून पाहिलं.

"निजता," तो म्हणाला. "निजले होते ते. माझ्या होडयेत, माझ्यार भरवसो ठेवन निजले होते. आजपर्यंत होडयेत निजलेल्या माणसाक मी खांद्याक हात लावन जागो केलंय. तेदिसा पण हात खांद्याकच लावलंय." त्यानं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "जागो करूक नाय लावलंय."

दाणीनं कट म्हटलं ते बऱ्याच वेळानं. त्याचा चष्मा ओला झाला होता. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. सगळे माझ्याकडे धावत आले. न्यायाधीशांनी खुर्चीतून उतरून माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, पोरी, ती वहाणांची उडी, कुठून सुचली तुला? एकटी स्वप्ना रडकुंडीला आली होती. वहाणा कुठल्याच भागात नव्हत्या. पंचनाम्यात काठावरची पायरी रिकामी होती. शेवटी दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या वहाणा घेऊन एक कॅमेरा खाडीवर पाठवावा लागला.

मी गर्दीतून सुटून पिंजऱ्याशी गेले तेव्हा धुरीकाका पायरीवर बसून पाणी पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, ओठ पुसले आणि म्हणाले, "माका बरो पाडलंस."

एवढंच. मी फुलून गेले. त्यांच्या पायाला हात लावला आणि परत गर्दीत शिरले.

तो भाग लागला तेव्हा लवू तारकर फाशी जाऊ नये म्हणून लोकांनी पत्रं पाठवली. वृत्तपत्रांनी लिहिलं. त्या वर्षीचा अभिनयाचा पुरस्कार मला मिळाला, त्या एका प्रसंगासाठी. त्यानंतर मला कामं मिळत गेली ती आजवर. मुलाखतीत कोणी ना कोणी तो प्रसंग काढतंच आणि मी सांगते, हो, वहाणांचा मुद्दा मला त्या क्षणी सुचला. तरुण नटांच्या शिबिरात मी तो तुकडा दाखवतेही. समोरच्याचं ऐका, म्हणते, ऐकलंत तर सुचतं. धुरीकाका आपलं काम संपवून गावी गेले. दाणीनं पुन्हा एकदोनदा बोलावलं, तर म्हणाले की जत्रांचा हंगाम आहे.

बरीच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात दादरला कोकणवासीयांच्या एका मंडळानं दशावताराचा महोत्सव भरवला होता. दुपारचा खेळ होता. जाहिरातीत 'राक्षस : न्हानू धुरी' हे नाव वाचलं आणि मी शूटिंगमधून सुट्टी काढून गेले. म्हटलं, हा माणूस त्याच्या घरात कसा दिसतो ते एकदा बघावं.

काय सांगू तुम्हाला. सत्तरी ओलांडलेला तो माणूस पायपेटी आणि मृदंगाच्या गजरात रंगमंचावर आला आणि मागच्या रांगेतली पोरं रडायची थांबली. पायांत घुंगरू, डोळ्यांत काजळ, हातात तलवार. कुठल्याही शस्त्रानं मरणार नाही असा वर मिळवलेला राक्षस, आणि त्याच्यासमोर त्याला मारायला आलेला राजपुत्र. राजपुत्र झालेला कंपनीत नवीन होता. एस.टी.त कंडक्टर आहे, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. देखणा, आवाज खणखणीत. दोघांची पुराणातल्यासारख्या भारदस्त मराठीत जुंपली. राजपुत्र धर्माचं बोले, राक्षस ते उलटवी. राजपुत्र आईबापांचं काढी, राक्षस हसून दुसरंच काढी. लोक टाळ्या देत होते. आणि बोलता बोलता राजपुत्र थांबला.

मी खुर्चीत सरळ झाले. त्यानं दोन पावलं टाकली, परत फिरला, शेला सावरला. ते सगळं मला ओळखीचं होतं. तो कोरा झाला होता. पायपेटीवाल्यानं एक सूर लांबवला.

राक्षसानं तलवार जमिनीला टेकली.

"दमलास, राजपुत्रा?" तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. "मीही दमलो होतो त्या दिवशी. इतकी वर्षं एका पायावर उभं राहून वर पदरात पडला, आणि देवापुढं वाकायचं त्राण नव्हतं अंगात. तसाच परत फिरलो."

माझ्या हातातली पर्स खाली पडली. शेजारच्या बाईंनी उचलून दिली.

राजपुत्राचा चेहरा उजळला. "वाकला नाहीस?" तो गरजला. "न वाकता घेतलेलं दान पदरात पडतं कुठं? तुझा वर अजून देवापाशीच आहे, राक्षसा!" सभागृह टाळ्यांनी दणाणलं. राक्षसाच्या हातून तलवार गळून पडली आणि तो गुडघ्यांवर आला. हळूहळू, डोळे राजपुत्रावर ठेवून, तो पडला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाजवता येईनात. त्या दिवशी गोदामात सगळा खटला त्याच्या बाजूनं फिरला होता. नुसता गप्प राहिला असता तर सुटला असता, आणि मालिका त्याची झाली असती. पण नाईकानं सांगितलेलं होतं, आज कोण पडणार ते. आणि नाईक मी होते.

खेळ संपल्यावर मी विंगेतून मागं गेले. काका आरशासमोर बसले होते, अर्धा चेहरा राक्षसाचा, अर्धा त्यांचा. त्यांनी मला लगेच ओळखलं, "वकिलीणबाय" म्हणाले आणि उठायला लागले, तर मी त्यांना खांद्याला धरून बसवलं. खूप काही बोलायचं ठरवून आले होते. तेवढ्यात राजपुत्र आत आला, मुकुट काखेत, अंगावरून घाम निथळतोय. मला बघून तो आणखीच खुलला. त्यानं माझा तो प्रसंग पाहिलेला होता, म्हणे लहानपणी देवळाच्या मंडपात. मग वाकून काकांच्या पायाला हात लावला.

"माका बरो पाडलंस रे," काका त्याला म्हणाले.

तो फुलून गेला. माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, खरं सांगतो, मी अडकलो होतो. एकदम अडकलो होतो. पण त्या वराचं मला अगदी त्या क्षणी सुचलं बघा."

आरशातून धुरीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. एका डोळ्यात काजळ होतं, एकातलं पुसलेलं होतं.

"फार छान सुचलं तुला," मी त्याला म्हणाले. "असंच ऐकत जा समोरच्याचं."

काकांनी मान खाली घातली, तेलाचा बोळा उचलला आणि उरलेला राक्षस पुसायला घेतला.